पहिला वार आणि दुसरा वार

मृग लागला की आपल्या नागपूरकडच्या गावांत दोन गोष्टी सुरू होतात. एक पेरणी आणि दुसरी धुऱ्याची भांडणे. वखर घालताना शेजाऱ्याने धुरा वीतभर कोरला असे एकाला वाटते. दुसरा म्हणतो, धुरा होता तिथेच आहे. शब्दाने शब्द वाढतो. शेतात माणसाच्या हाती काही ना काही असतेच. कोणाच्या हाती काठी, तर कोणाच्या हाती कुऱ्हाड. घटकाभरात एक माणूस मातीत पडतो आणि दुसरा पोलिसांच्या गाडीत बसतो. दोन्ही घरे उघडी पडतात. वीतभर जमीन मात्र जिथल्या तिथे राहते.

गाडीत बसलेला माणूस बहुधा दोन गोष्टी सांगतो. पहिली, "तो माह्या अंगावर आला, म्हणून म्या हाणली." दुसरी, "जीव घ्याचं मनात नव्हतं जी, एकच त हाणली."

पहिली गोष्ट बचावाची आहे. दुसरी हेतूची आहे. कायदा या दोन्ही गोष्टी ऐकून घेतो. पण दोन्हींना तो आपले माप लावतो. ते माप कोणते, हे आज आपण समजून घेऊ. तुरुंगात गेल्यावर वकिलाकडून समजण्यापेक्षा ते आधी समजलेले बरे.

कायद्याचे पुस्तक बदलले, तत्त्व बदलले नाही

आपल्या देशात १८६० साली भारतीय दंड संहिता नावाचा कायदा झाला. तो दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. पूर्वी खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते. आता ते १०३ आहे. बचावाच्या हक्काची कलमे पूर्वी ९६ ते १०६ होती. आता ती ३४ ते ४४ आहेत. पण आतले तत्त्व जवळपास तेच आहे. म्हणून जुन्या खटल्यांतून आजही शिकता येते.

असे दोन मोठे निकाल ज्या न्यायमूर्तींनी लिहिले, ते आपल्या नागपूरचे. त्यांचे नाव व्हिव्हियन बोस. नागपूरला त्यांनी वकिली केली. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५१ साली दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा एक निकाल बचावाचा आहे आणि दुसरा हेतूचा. दोन्ही आपण पाहू.

बचाव हा गुन्हा नव्हे, हक्क आहे

कोणी आपल्यावर चालून आले तर आपण काय करावे? हात जोडून मार खावा का? कायदा तसे म्हणत नाही. आपले शरीर वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. एवढेच नव्हे, दुसऱ्याचे शरीर वाचवण्याचाही हक्क आहे. रस्त्याने जाताना कोणी एका बाईला ओढून नेताना दिसला, तर ती आपल्या नात्याची असो नसो, तिला सोडवण्यासाठी बळ वापरता येते. पाठ दाखवून पळूनच गेले पाहिजे, अशीही कायद्याची सक्ती नाही.

काही प्रसंगी तर या हक्कात समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. ते प्रसंग कायद्याने मोजून दिले आहेत. आता आपला जीव जातो अशी रास्त भीती असेल. हात-पाय मोडण्यासारखी, डोळा जाण्यासारखी जबर दुखापत होण्याची भीती असेल. बलात्काराचा किंवा तशाच अनैसर्गिक अत्याचाराचा हल्ला असेल. पळवून नेण्यासाठी हल्ला असेल. पोलिसांची मदतही मागता येऊ नये असे डांबून ठेवण्यासाठी हल्ला असेल. किंवा कोणी अंगावर ॲसिड टाकत असेल. अशा वेळी कायदा म्हणतो, स्वतःला वाचव.

आता बोस साहेबांचा पहिला निकाल पाहा.

कटनी हे शहर आज मध्य प्रदेशात आहे. १९५० साली त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि उच्च न्यायालयही नागपूरला होते. ५ मार्च १९५० रोजी कटनीत दंगल झाली. दुकाने लुटली गेली. माणसेही मेली. अमजद खान नावाचा एक दुकानदार आपल्या जागेत होता. जमावाने त्याच इमारतीचा दुसरा भाग फोडून लुटला होता. तिथली बायकामुले जिवाच्या भीतीने त्याच्याकडे आसऱ्याला आली. मग जमाव त्याच्याच दारावर लाठ्या हाणू लागला. त्याच्याजवळ बंदूक होती. त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला आणि तिघे जखमी झाले.

खालच्या कोर्टात त्याला शिक्षा झाली. नागपूरच्या उच्च न्यायालयातही तो सुटला नाही. प्रकरण दिल्लीला गेले. २० मार्च १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. बोस साहेबांनी जे सांगितले त्याचा भावार्थ असा : दार फुटून जमाव आत येईपर्यंत त्या माणसाने थांबायला हवे होते काय? शेजारचा भाग लुटला गेला होता. माणसे मेल्याचे कळले होते. बायकामुले मागे थरथरत होती. त्या घटकेला त्याने किती बळ वापरावे, हे नंतर सावकाश बसून सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. एक, संकट अगदी डोक्यावर कोसळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. रास्त भीती पुरे. दुसरी, घाबरलेल्या माणसाकडून कायदा गुंजेचा हिशेब मागत नाही.

पण या हक्काला चार कुंपणे आहेत

कटनीचा निकाल ऐकून कोणी म्हणेल, मग झाले तर! अंगावर आला की घाला कुऱ्हाड! तसे नाही. शेताला जसा धुरा, तसा या हक्कालाही धुरा आहे. तो चारही बाजूंनी आहे.

पहिले कुंपण : धोका आत्ताचा हवा. कालचा नको आणि पुढच्या महिन्याचाही नको. "त्याने दिवाळीत मला मारले होते, म्हणून मी होळीत त्याला मारले", हा बचाव नव्हे. हा सूड आहे. तसेच, "तो मला कधी ना कधी मारणारच होता", हेही चालत नाही.

दुसरे कुंपण : पोलिसांची किंवा सरकारी मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. शेजारी गावात जाऊन माणसे गोळा करतो आहे असे तुम्हांला सकाळी कळले. भांडण संध्याकाळी व्हायचे आहे. मध्ये सारा दिवस आहे. अशा वेळी तुम्हीही माणसे आणि काठ्या जमवल्या, तर तो बचाव राहत नाही. ती मारामारीची तयारी होते. आपण होऊन हल्ला करणाऱ्यालाही हा हक्क सहसा मिळत नाही.

तिसरे कुंपण : जेवढे लागेल तेवढेच. समोरचा थप्पड मारतो आणि आपण विळा चालवतो, हे बसत नाही. काठी हिसकावून घेऊन काम भागत असेल, तर तीच काठी त्याच्या डोक्यात घालायची नाही.

चौथे कुंपण : धोका संपला की हक्क संपला. सगळ्यांत जास्त माणसे इथेच चुकतात. समोरचा पडला, त्याच्या हातची कुऱ्हाड सुटली, तो पळत सुटला, की तुमचा हक्क तिथेच थांबला. त्याच्यामागे धावून घातलेला घाव बचावाचा नव्हे.

पंजाबात जयदेव नावाच्या माणसाचा एक खटला झाला. तेही भांडण शेताच्या ताब्याचेच होते. शेत आरोपींच्या ताब्यात होते. गावचा जमाव त्यांच्यावर आला. त्या वेळी बचावाचा हक्क त्यांना होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण जमाव पळू लागल्यावर लांब गेलेल्या माणसांवरही त्यांच्यापैकी दोघांनी गोळ्या झाडल्या. तिथे न्यायालयाने हात आखडला. भीती संपली तिथे हक्क संपला, असा निकाल १९६२ साली झाला. तो लिहिणारे न्यायमूर्ती आपल्या सातारचे, प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले.

आम्ही शाळेत होतो तेव्हा मुलांची भांडणे आमच्यापुढे येत. आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, "आधी कोणी मारले?" कायदाही हा प्रश्न विचारतो. पण त्याचा दुसराही एक प्रश्न असतो : "शेवटी कोणी मारले आणि तेव्हा समोरच्याच्या हातात काय होते?" पहिला वार बचावाचा असू शकतो. दुसरा वार खुनाचा ठरू शकतो. दोन्हींमध्ये श्वासभराचे अंतर असते.

नागपूरची एक कडू आठवण

इथे कोणी विचारील, "पोलिसांकडे जा म्हणता. पण पोलिसांनी दादच दिली नाही तर?" प्रश्न खरा आहे. तो टाळून चालणार नाही.

नागपुरात कस्तुरबानगर नावाची वस्ती आहे. तिथल्या लोकांना एका गुंडाने कित्येक वर्षे छळले. त्याने बायकांवर अत्याचार केले. तक्रारी करूनही आम्हांला दाद मिळत नाही, असे वस्तीचे म्हणणे होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी पोलिसांनी त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणले. तिथेच जमावाने त्याच्यावर हल्ला केला. त्या जमावात बायका पुष्कळ होत्या. तो तिथेच मेला. खटला दहा वर्षे लांबला. शेवटी २०१४ साली आरोपी सुटले.

पण ते कशामुळे सुटले, ते नीट पाहा. पुरावा पुरेसा नव्हता म्हणून सुटले. जमावाला तसे करण्याचा हक्क होता, म्हणून नव्हे. तो माणूस त्या घटकेला पोलिसांच्या ताब्यात होता. पहिल्या दोन कुंपणांत हे बसत नाही.

त्या बायांचे दुःख खोटे होते, असे आम्ही म्हणत नाही. ते कोणीच म्हणू नये. ज्या ठिकाणी लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो, तिथे दोष लोकांचाच असतो असेही नाही. पण जमावाला डोळे नसतात. आज त्याने गुंडाला मारले. उद्या तोच जमाव पोरे पळवणारा समजून एखाद्या गरीब फिरस्त्याला मारतो. म्हणून कायद्याला हे कुंपण मोडू देता येत नाही. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे, शहरात असेल तर पोलीस आयुक्तांकडे, टपालाने पाठवता येते. तिथेही भागले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हा रस्ता लांबचा आहे. पण त्या रस्त्याने गेलेला माणूस फासापर्यंत जात नाही.

संत्र्याची बाग आणि जिवंत तार

शरीरासारखाच मालमत्ता वाचवण्याचाही हक्क आहे. पण मालासाठी माणसाचा जीव घेण्याची मुभा फार थोड्या वेळी आहे. मारहाण करून लुटणारा असेल. सूर्य मावळल्यावर आणि उजाडण्याआधी कोणी घर फोडून आत शिरत असेल. राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या कोठाराला कोणी आग लावत असेल. किंवा चोर असा अंगावर येत असेल, की आता आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी भीती वाटावी.

समजा, बागेत संत्र्याला बहार आला आहे. मालक रात्री जागलीला आहे. एक पोरगा झाडावरून संत्री तोडतो आहे. मालकाने त्याला हाकलावे. धरावे. धरताना थोडी झटापट झाली तर कायदा समजून घेतो. पण झाडावरच्या पोरावर दुरून बंदूक झाडता येत नाही. धरल्यावर खांबाला बांधून मारताही येत नाही. त्याला लगेच पोलिसांच्या हवाली करायचे. टोपलीभर संत्र्यांची किंमत आणि माणसाच्या जिवाची किंमत कायद्याने एका पारड्यात घातलेली नाही. तोच चोर मात्र विळा उपसून मालकावर आला, तर प्रश्न संत्र्यांचा राहत नाही. तो जिवाचा होतो. मग शरीर वाचवण्याचा हक्क लागू होतो.

आता एक गोष्ट जरा मोठ्या आवाजात सांगायची आहे. रानडुकरे पिकाचा नाश करतात. म्हणून कोणी कोणी शेताच्या कुंपणात विजेचा जिवंत प्रवाह सोडतात. रात्री त्या तारेला डुक्कर लागते, तसाच गुराखी लागतो, शेजाऱ्याचे पोर लागते आणि कधी घरचा माणूसही लागतो. मग "माणसासाठी लावलीच नव्हती" असे म्हणून सुटका होत नाही.

बिहारात एका माणसाने आपल्या संडासाच्या वाटेवर उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली. शेजारच्या बाया तिथे येतात, हा त्याचा राग. एक बाई त्या तारेला लागून मेली. "ती माझ्या जागेत शिरली होती, मला माझी मालमत्ता राखण्याचा हक्क आहे", असे तो म्हणाला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकले म्हणून कोणाचा जीव घेता येत नाही. आणि तारेला तर डोळेही नसतात. चोर कोण आणि पोर कोण, हे तिला कळत नाही. म्हणून अशी तार लावली असेल, तर आजच काढा.

"एकच त हाणली"

आता हेतूकडे वळू. गुन्हा नुसत्या हाताने होत नाही. त्यात मनाचाही वाटा असतो. म्हणून माणूस मेला की कायदा विचारतो, मारणाऱ्याच्या मनात काय होते?

कोणी म्हणेल, मनातले कोर्टाला काय दिसणार? बरोबर आहे. मन दिसत नाही. पण मनाच्या खुणा दिसतात. हत्यार कोणते होते? ते घरून आणले की हाती लागले ते उचलले? वार कुठे केला, पायावर की डोक्यावर? किती जोराने केला? किती वेळा केला? आधी तोंडाने काय म्हटले? या खुणांवरून न्यायाधीश मनाचा माग काढतात. पायाच्या ठशांवरून चोराचा माग काढावा, तसेच हे आहे.

बोस साहेबांचा दुसरा निकाल इथे कामी येतो. सर्वोच्च न्यायालयातून ते निवृत्त झाले होते, पण त्यांना पुन्हा कामाला बोलावले होते. तेव्हा त्यांच्यापुढे पंजाबातील विरसा सिंग याचा खटला आला. १३ जुलै १९५५ रोजी रात्री त्याने एका तरुणाच्या पोटात भाला खुपसला. वार एकच होता. पण तो इतका खोल गेला, की आतडी बाहेर आली. तरुण दुसऱ्या दिवशी मेला. डॉक्टर म्हणाले, अशा जखमेने माणूस सहसा मरतोच.

वकिलाचे म्हणणे असे : वार एकच आहे. ठार मारण्याचा हेतू कुठे दिसतो? तेव्हा हा खून कसा?

११ मार्च १९५८ रोजी बोस साहेबांनी निकाल दिला. त्याचा भावार्थ असा : ठार मारायचे मनात होते का, एवढाच प्रश्न नाही. जी जखम झाली तीच जखम त्याला करायची होती का, हे पाहायचे. म्हणजे भाला चुकून लागला नाही, धक्क्याने घुसला नाही, त्याने तो पोटातच खुपसला, एवढे ठरले पाहिजे. मग ती जखम माणूस मरण्याइतकी होती का, हे डॉक्टरच्या पुराव्यावरून पाहायचे. दोन्हींचे उत्तर 'होय' आले, तर तो खून. त्याचे अपील फेटाळले गेले.

म्हणून "एकच त हाणली" हे वाक्य आपल्याला वाटते तेवढे कामाचे नाही. कुऱ्हाडीचा एकच घाव जाणून डोक्यात घातला, तर तो एकही पुरतो. आणि "दारू प्यालो होतो, मला काही समजत नव्हते" हेही चालत नाही. आपल्या मर्जीने दारू पिणाऱ्याला शुद्धीवरच्या माणसाइतकीच समज होती, असे कायदा धरून चालतो.

खुनाच्या खालच्या पायऱ्या

माणूस मेला म्हणजे प्रत्येक वेळी खूनच होतो असेही नाही. पायऱ्या आहेत.

सगळ्यांत वरची पायरी खून. त्याला फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे गावात समजतात. ते चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेला सारा जन्म. सरकार सूट देऊ शकते, पण सूट हा कैद्याचा हक्क नव्हे.

त्याखाली सदोष मनुष्यवध. सदोष म्हणजे दोषाने भरलेला. हेतू असेल तर जन्मठेप, नाहीतर पाच ते दहा वर्षे कैद. हेतू नव्हता, पण माणूस मरू शकतो याची जाण होती, तर दहा वर्षांपर्यंत कैद. दोन्हींत दंडही आहे.

त्याखाली हलगर्जीपणाने झालेला मृत्यू. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

खून वरच्या पायरीवरून खाली कधी येतो? आपल्या कामाच्या तीन वेळा सांगतो. एक, बचाव करताना प्रामाणिकपणे पण हक्काबाहेर पाऊल पडले, आधी काही ठरवलेले नव्हते आणि लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा बेत नव्हता. दोन, अचानक भांडण जुंपले, आधी काही ठरलेले नव्हते, रागाच्या भरात घाव बसला आणि कोणी गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही. तीन, समोरच्याने एकाएकी एवढा जबर संताप आणला, की स्वतःवरचा ताबाच सुटला.

यात 'एकाएकी' हा शब्द ध्यानात ठेवा. मुंबईला १९५९ साली नौदलाचे अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली. तो खटला देशभर गाजला. रागाच्या भरात घडले, असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली पाहिले, की पत्नीचे बोलणे ऐकून ते घरून निघाले, पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतले आणि मग त्या माणसाच्या घरी गेले. मध्ये सुमारे तीन तास गेले. तीन तासांत डोके निवायला वेळ मिळतो. जन्मठेप कायम झाली. पुढे राज्यपालांनी त्यांना माफी दिली, ती गोष्ट वेगळी. धुऱ्यावर भांडण झाले, माणूस घरी गेला, कुऱ्हाड घेऊन परत आला, तर 'एकाएकी' उरत नाही. घर ते शेत हे अंतरच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

मग आपण काय करावे?

धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. शेताचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करा. मोजणीची फी कोर्टाच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी असते. बोलणी करायला जाताना हातातले हत्यार घरी ठेवून जा.

तरीही कोणी अंगावर आलेच, तर स्वतःला वाचवा. तो हक्क तुमचा आहे. पण समोरचा थांबला की तुम्हीही थांबा. जखमी शत्रूचा असला तरी त्याला दवाखान्यात पोहोचवा. ११२ या नंबरावर पोलिसांना फोन करा. हत्यार लपवू नका, रक्ताचे कपडे धुऊ नका. घडले तसे सांगा. तुमच्या अंगावर जखमा असतील तर त्या सरकारी डॉक्टरला दाखवून लिहून घ्या. बचावाचा मुद्दा आरोपीने दाखवायचा असतो. पण सरकारी पक्षाएवढा कडक पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत. त्याचे म्हणणे संभवते असे न्यायाधीशांना पटले, तरी पुरते.

वकील करायला पैसा नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले कैदी आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे फुकट वकील मिळतो. १५१०० या नंबरावर विचारताही येते.

कायदा माणसाला भेकड हो म्हणत नाही आणि दांडगा हो असेही म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो : वाचण्यासाठी हात उचल आणि वाचलास की खाली घे.

विचार करा

१. समोरच्याची काठी खाली पडली. तो मागे सरू लागला. आता त्याच्यावर घाव घातला तर तो बचाव होईल का? का नाही?

२. बागेत शिरलेल्या चोराला धरल्यावर काय करावे?

३. तुमच्या गावात कोणाच्या शेताला विजेची तार आहे का? असेल तर त्याला हा धडा कोण वाचून दाखवील?